ओठ हलवणारी मुलगी

माझा धंदा डोळ्यांचा. चष्म्याच्या दुकानात बावीस वर्षं काढली मी. समोर माणूस बसला की त्याची हनुवटी टेकवून घ्यायची, काच बदलायची आणि विचारायचं, आता कसं दिसतंय, आधीपेक्षा बरं की तसंच? डोळे तपासताना माणसं खोटं बोलतात हे कुणाला पटायचं नाही, पण बोलतात. नंबर वाढला हे मान्य करायला नको म्हणून तक्त्यावरची शेवटची ओळ पाठ करून येतात. मी अक्षरांकडे बघतच नाही, मी त्यांच्या कपाळावरची आठी बघते. आमचे मालक येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात, आमच्या ताईंच्या नजरेतून काही सुटत नाही. रोज तेच ऐकून माझाही त्यावर विश्वास बसला.

तोच विश्वास मी आमच्या मंडळीत घेऊन गेले. दर दुसऱ्या शनिवारी दुपारी चर्चच्या मागच्या हॉलमध्ये पालकवर्ग भरतो, आणि तो मी घेते. वयात आलेल्या मुलांच्या आईबापांसाठी. पंचवीस-तीस खुर्च्या मांडलेल्या असतात, पुढच्या नेहमी रिकाम्या, आणि मागे बसलेल्यांच्या तोंडावर एकच भाव, आमच्या कार्ट्याचं काय करायचं ते तेवढं सांगा आणि सोडा. मी सांगायचे. खोलीत शिरण्याआधी दार वाजवा. मोबाइल चोरून बघू नका, मागून घ्या. शेजारच्या मुलाचं उदाहरण देऊ नका. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे मूल खरं बोललं तर आधी त्याचे आभार माना, रागवायचं ते मग. हे शेवटचं वाक्य माझं स्वतःचं होतं. पाळकसाहेबांना ते इतकं आवडलं की त्यांनी एका उपासनेत ते माझं नाव घेऊन सांगितलं. मी मान खाली घातली होती, पण कान टवकारलेलेच होते.

मला मुलगी एकच. तेव्हा सोळा वर्षांची. उंच, हुशार, शब्दाला पक्की, आईच्या धाकातली. धाकातली हा शब्द मी त्या वेळी वापरला नसता, संस्कारातली म्हटलं असतं. आमचे हे घरातल्या कशात लक्ष घालत नाहीत, ताटात काय आहे एवढं बघतात. म्हणजे पोरगी जी काही झाली ती माझ्या हातची, असं मी चारचौघांत म्हणायचे. चारचौघंही तसंच म्हणायचे.

त्या वर्षी मंडळीतली अकरा मुलं दृढीकरणाला बसणार होती. लहानपणी आईबापांनी बाप्तिस्मा दिलेला असतो. दृढीकरणाला मूल स्वतःच्या तोंडाने, सगळ्यांसमोर, बिशपसाहेबांपुढे गुडघे टेकून सांगतं, होय, माझा विश्वास आहे. त्यासाठी वर्षभर वर्ग असतो, आणि वर्गाच्या जोडीला तरुण संघ. संघाचं सगळं पाहायचा तो एक तरुण मास्तर. शाळेत भूगोल शिकवायचा, पण मुलं त्याला दादा म्हणायची. गिटार वाजवायचा, पोरांना टेकडीवर न्यायचा, रुग्णालयात फळं वाटायला न्यायचा. माणूस चांगला, पण जरा भाबडा. त्याने बुटांच्या खोक्याला वर खाच पाडली आणि मुलांना सांगितलं, घरी सांगता येत नाही असं जे काही असेल ते यात लिहून टाका. नाव घालू नका. सगळ्यांना सारखाच कागद, सारखंच पेन, आणि अक्षर ओळखू येऊ नये म्हणून सुटं, छापील लिहायचं.

महिन्याने ते खोकं घेऊन तो दुकानात माझ्याकडे आला.

"ताई, यातले विषय तेवढे काढून द्या," तो म्हणाला. "पालकवर्गात बोलता येईल. कुणी लिहिलं ते शोधायचं नाही हं, मुलांना शब्द दिलाय मी. वाचून झालं की फाडून टाका."

"अरे, मला काय हे सांगायला हवं?" मी म्हटलं.

जेवणाच्या सुट्टीत चष्म्यांच्या फ्रेमा बाजूला सारून मी चिठ्ठ्या वाचल्या. बाबा दुसऱ्यांसमोर मला मठ्ठ म्हणतात. मला एक मुलगा आवडतो. मी गणितात कॉपी केली. आईबाबा बोलत नाहीत, निरोप माझ्याकडून देतात. अशाच सगळ्या. आणि मग ही एक.

"प्रार्थना म्हणताना आतून काहीच येत नाही. सगळे म्हणतात म्हणून मीही म्हणते. दृढीकरणाला होय म्हणेन, पण ते खोटं असेल. घरी कळलं तर माझं काही खरं नाही."

बाकीच्या फाडल्या. ही पर्समध्ये ठेवली. का ठेवली असं कुणी तेव्हा विचारलं असतं तर म्हटलं असतं, काळजीपोटी. खरं सांगायचं तर मला कुणाच्या तरी घरातलं गुपित हाती लागल्याची मजा वाटली होती. ज्यांनी पालकवर्ग घेतले आहेत त्यांना ही मजा ठाऊक असणार, कबूल कोणी करणार नाही.

लिहिणारी मुलगी होती हे उघड होतं. अकरांत मुली पाच. त्यातली एक माझी, ती सोडून दिली. सोडून दिली म्हणजे तिचा विचारसुद्धा मनात आला नाही. उरल्या चार. त्यानंतरच्या रविवारी मी क्वायरच्या, म्हणजे चर्चच्या गायनवृंदाच्या, समोरच्या बाकावर बसले आणि दुकानात बघते तसं एकेकीच्या तोंडाकडे बघितलं.

तिसऱ्या रांगेत मुंगी उभी होती. सुताराची मुलगी. खरं नाव वेगळं, पण अंगाने एवढीशी आणि कायम काहीतरी उचलून नेत असलेली, म्हणून संघात सगळे तिला मुंगी म्हणायचे. माझ्या लेकीची जिवाभावाची मैत्रीण. गीत सुरू झालं, मुंगीचं तोंड बरोबर शब्दाला शब्द उघडत होतं. पण गळ्याची शीर हलत नव्हती. छाती भरत नव्हती. मी तीन गीतं लक्ष देऊन पाहिलं. पोरगी नुसते ओठ हलवत होती, आवाज एक थेंब नव्हता. सगळे म्हणतात म्हणून मीही म्हणते. मला इतका आनंद झाला की प्रवचन काय होतं ते आजही आठवत नाही.

आता मी काय करायला हवं होतं? चिठ्ठी फाडायची आणि गप्प बसायचं. फार तर मुंगीला जवळ घ्यायचं, विचारायचं. हे मी पालकांना दर दुसऱ्या शनिवारी शिकवत होते. पण आमच्या मंडळीत दुसरीही एक रीत आहे, आणि ती कुणी शिकवावी लागत नाही. कुणाबद्दल काही कळलं की ते आपण बोलायचं नाही, त्याच्यासाठी प्रार्थना करायची. मोठ्याने, सगळ्यांसमोर, नाव न घेता. नाव घेतलं तर ती चुगली. नाव घेतलं नाही तर ते ओझं वाहणं. मी अशा प्रार्थना शेकड्यांनी ऐकल्या आहेत. सगळ्यांचे डोळे मिटलेले आणि प्रत्येकाच्या मनात नेमकं नाव.

पुढच्या शनिवारी वर्गाच्या शेवटी मी उभी राहिले, डोळे मिटले आणि प्रार्थना केली.

"हे प्रभू, आपल्यातल्याच एका घरातल्या लेकरासाठी आम्ही विनवतो. नाव तुला ठाऊक आहे, मी घेत नाही. ओठांनी तुझी स्तुती करते, पण तिच्या हृदयात तू नाहीस. दृढीकरणाला खोटं बोलायचं तिने मनाशी ठरवलं आहे. आई नसलेलं लेकरू आहे, प्रभू. तिच्या बापाच्या हातांना तू कौशल्य दिलंस, आम्ही बसतो ती बाकंही त्याच हातांची. त्या कष्टाळू बापाला हे सोसायचं बळ दे."

डोळे उघडायच्या आधीच हॉलमधली शांतता मला जाणवली. सुतार दुसऱ्या रांगेत बसला होता. वर्गाला यायचा तेव्हा तो हातपाय धुऊन, इस्त्रीचा शर्ट घालून यायचा, पण कानामागे पेन्सिल तशीच राहायची. त्याचे डोळे सताड उघडे होते. आजूबाजूच्या कुणी त्याच्याकडे बघितलं नाही, आणि सगळ्यांनी मिळून न बघणं म्हणजे काय असतं ते त्या दिवशी त्याने अनुभवलं. मी आमेन म्हटलं. सगळ्यांनी आमेन म्हटलं. चहाच्या वेळी दोन बायांनी माझा हात दाबून सांगितलं, ताई, किती हळुवारपणे बोललात.

सुतार चहाला थांबला नाही. घरी त्याने मुलीला काय केलं ते मला दिसलं नाही, पण दुसऱ्या दिवशी मुंगी उपासनेला लांब बाह्यांचा झगा घालून आली, आणि ते दिवस लांब बाह्यांचे नव्हते.

त्या आठवड्यात पाळकसाहेबांनी बापलेकीला कचेरीत बोलावलं. चिठ्ठी माझ्याकडे आहे हे मी त्यांच्या कानावर घातलं होतं, म्हणून मलाही. टेबलावर चिठ्ठी, टेबलाच्या एका अंगाला आम्ही दोघं, दुसऱ्या अंगाला ते दोघं. पाळकसाहेब आवाज कधी चढवत नाहीत. ते इतक्या मऊ आवाजात बोलतात की समोरच्याला स्वतःच्या श्वासाचीही लाज वाटावी.

"बेटा, ही तू लिहिलीस?"

"नाही."

"कुणी रागावणार नाहीये. कबूल केलंस तर इथेच प्रार्थना करू, संपलं. दृढीकरणही होईल, तुझं पत्रही मी लिहून देईन."

पत्राची गोष्ट अशी. मुंगीला नर्स व्हायचं होतं. आई गेली तेव्हा ती तीन महिने वॉर्डात आईच्या उशाशी होती, तिथेच तिने ठरवलेलं. मिशनच्या रुग्णालयाची नर्सिंगची शाळा होती, राहणं-जेवण-शिक्षण सगळं त्यांच्याकडे, जागा मोजक्या. त्यासाठी दृढीकरणाचा दाखला आणि पाळकांचं पत्र लागायचं. तारीख ठरलेली होती, दृढीकरणाच्या रविवारानंतरचा शुक्रवार. सुताराच्या ऐपतीत दुसरी शाळा बसत नव्हती. हे आम्हा चौघांनाही माहीत होतं.

"मी लिहिलं नाही," मुंगी म्हणाली. "न लिहिलेलं लिहिलं म्हणून कसं सांगू? ते खोटं होईल ना."

"मग क्वायरमध्ये तू गात का नाहीस?" हे मी विचारलं. "नुसते ओठ हलवतेस. मी तीन गीतं बघितलंय. नाही म्हण."

तिने पहिल्यांदा मान वर केली. माझ्याकडे बघितलं, मग बापाकडे. सुतार चमकून तिच्याकडे बघत होता. या माणसाला क्वायरमधल्या आपल्या लेकीचा काय अभिमान होता म्हणता! उपासनेला पुढच्या बाकावर बसायचा, डोळे मिटायचा आणि शेजारच्याला हळूच सांगायचा, तो बारीक आवाज ऐकू येतोय ना, तो आमचा.

"बोल की," सुतार म्हणाला. "गातेस ना तू? सांग यांना."

मुंगीने ओठ घट्ट मिटले. बराच वेळ ती टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत राहिली. टेबल तिच्या बापानेच केलेलं होतं.

"घसा दुखतो," ती शेवटी म्हणाली.

"वर्षभर?" मी म्हटलं.

पाळकसाहेबांनी सुस्कारा सोडला आणि चिठ्ठीची घडी घातली. दृढीकरण पुढच्या वर्षी बघू, ते म्हणाले. पत्रही मग पुढच्या वर्षी. तोवर क्वायर नको, संघही नको, बाकीच्या मुलांवर परिणाम होतो. पुढच्या वर्षी तिचं वय त्या शाळेच्या अटीत बसणार नव्हतं हे सुताराने दोनदा सांगितलं. पाळकसाहेब म्हणाले, प्रभूच्या वेळेपुढे आपली वेळ काय. दाराशी सुताराने मुलीच्या डोक्यात टपली मारली. जोरात नाही, ओझं वाहणाऱ्या जनावराला मारतात तशी, सवयीने. मी माझी पर्स आवरत होते.

दादा दुकानात येऊन माझ्याशी भांडला. मी मुलांना शब्द दिला होता, म्हणत राहिला. गिऱ्हाईक बसलेलं होतं, त्याच्या डोळ्यांत थेंब घातलेले, त्याला काही दिसत नव्हतं पण ऐकू सगळं येत होतं. मी दादाला म्हटलं, तुला स्वतःचं मूल झालं की ये माझ्याशी बोलायला. त्यावर तो वळला आणि तसाच दुकानाबाहेर पडला. त्याची बायको दोनदा रुग्णालयातून रिकाम्या हातांनी परतली होती. हे मला माहीत होतं, म्हणूनच मी ते बोलले होते.

दृढीकरणाचा रविवार आला. दहा मुलं पांढऱ्या कपड्यांत. माझ्या लेकीचा झगा मी स्वतः शिवून घेतला होता, तीनदा उसवून. बिशपसाहेबांनी विचारलं आणि तिचा आवाज सगळ्या चर्चभर घुमला, होय, माझा विश्वास आहे. बाकीची पुटपुटली, ही बोलली. मी रडले. हेसुद्धा रडले, आणि हे जेवण सोडून कशासाठी रडत नाहीत. मागच्या शेवटच्या बाकावर सुतार आणि मुंगी बसली होती. मुंगीच्या हातात गीतांचं पुस्तक उघडं होतं आणि तोंड मिटलेलं. बघा, मी मनात म्हटलं, आता तर ओठसुद्धा हलवत नाही.

दुपारी घरी पाहुणे येऊन गेले. केकचा चुरा सगळ्या खोलीभर. हे आत जाऊन झोपले. मी खुर्चीवर चढून लेकीचा झगा कपाटाच्या दाराला टांगत होते, आणि ती पलंगावर बसून पायमोजे काढत होती.

"ती चिठ्ठी माझी होती," ती म्हणाली.

मला वाटलं शाळेची कसली तरी.

"कुठली?"

"तू पर्समध्ये ठेवलीस ती. प्रार्थना म्हणताना आतून काही येत नाही, ती. मी लिहिली."

मी खुर्चीवरून उतरले. तिच्या चेहऱ्यावर काहीही नव्हतं. चिठ्ठीत लिहिलं होतं तसंच, आतून काही येत नव्हतं.

"कुणाला सांगितलंस?" मी विचारलं.

ती हसली. लहान मूल हसतं तसं, खरंखुरं.

"आधी आभार मान ना, आई," ती म्हणाली. "वर्गात सांगतेस तसं."

मी तिच्या थोबाडीत मारली. सोळा वर्षांत पहिल्यांदा. तिने गालाला हातसुद्धा लावला नाही.

"आणि मुंगी? ती गात का नाही मग?"

"गायनमास्तरांनी तिला सांगितलंय. तुझा आवाज फाटका आहे, सूर सोडून जातेस, तेव्हा तू फक्त ओठ हलव. तिला काढलं तर तिसरी रांग आखूड दिसते. दर वर्षी एकदोघांना सांगतात ते. मुंगीने मला शपथ घातली होती, बाबांना कळायला नको. त्यांना वाटतं त्यांना तिचा आवाज ऐकू येतो." तिने दुसरा मोजा काढला, घडी घातली. "ती खोलीत एकटी असली की गाते. प्रार्थना म्हणताना रडते. आम्हा सगळ्यांत खरं मानणारी ती एकटीच आहे, आई. तू बरोबर तीच शोधलीस."

"मग तू का नाही बोललीस? तिला कचेरीत बोलावलं तेव्हा?"

"तिचं तू काय केलंस ते बघत होते मी. मला नको होतं तसं."

"तुझी मैत्रीण ना ती?"

"हो."

आतून यांचं घोरणं ऐकू येत होतं. मी पलंगाच्या दुसऱ्या टोकाला बसले. शुक्रवारपर्यंत अजून वेळ होता. पाळकसाहेबांना एक फोन केला असता, तर त्यांनी पत्र लिहिलं असतं, बिशपसाहेबांना सांगून दाखल्याचंही काही केलं असतं. माणूस तसा ऐकणारा आहे. फोनवर मला एवढंच म्हणायचं होतं की चिठ्ठी माझ्या मुलीची. तेवढंच.

"तू सांग पाळकसाहेबांना," लेक म्हणाली. "मी नाही सांगणार. मी तुझीच मुलगी आहे."

एवढं बोलून ती केकची ताटं विसळायला निघून गेली.

सोमवारी मी फोन हातात घेतला आणि दुकानाचं सामान मागवलं. मंगळवारी मंडळीच्या कमिटीची बैठक होती. पाळकसाहेबही समोरच बसले होते. चिठ्ठ्यांच्या खोक्याचा विषय निघाला. पालकांच्या तक्रारी होत्या, मुलं आता त्यात काही टाकत नव्हती. मी बोलायला उभी राहिले. मला खरंच वाटलं होतं की आता तोंडातून ते निघेल. सगळे माझ्याकडे बघत होते, विश्वासाने, मान जरा तिरकी करून, माझ्याकडे नेहमी बघतात तसे. मी म्हटलं, पुठ्ठ्याचं खोकं नको, लाकडी पेटी करून घेऊ, कुलूप असलेली, म्हणजे मुलांना भरवसा वाटेल. सगळ्यांना पटलं. सुतार सेवा म्हणून करून देईल, कुणीतरी म्हणालं. नाही म्हणायला त्याला तोंड आहे कुठे, दुसरं कुणीतरी म्हणालं आणि थोडं हसू झालं. मीही हसले.

पेटी आणायला गुरुवारी मीच गेले. दुसऱ्या कुणाला पाठवता आलं असतं. मला वाटतं, मला बघायचं होतं, त्या दोघांसमोर उभं राहायचं अजून माझं धाडस होतं का ते.

कारखाना म्हणजे पत्र्याची एक लांबट खोली. आत शिरल्याबरोबर गाण्याचा आवाज आला. आवाज कसला, फाटका, चिरका, सूर इकडे तर शब्द तिकडे, आणि तरीही पूर्ण छातीतून, काही राखून न ठेवता. दृढीकरणाच्या दिवशी म्हटलं ते गीत. मागच्या कोपऱ्यात खिडकीच्या फळीला मुंगी पॉलिश पेपर घासत होती, माझ्याकडे पाठ करून, केसांवर भुशाची पूड. मी उभी राहिले. बावीस वर्षं माणसांचे चेहरे बघितले, कुणाचा आवाज म्हणून कधी ऐकला नव्हता.

"या ताई," सुतार म्हणाला. मग माझी नजर कुठे आहे ते बघून ओशाळला. "आता माझ्या हाताखालीच असते. दिवसभर चालू असतं हे. तिचा आवाज असा असेल हे मला कधी कळलंच नाही बघा. चर्चमध्ये सगळ्यांबरोबर चांगला यायचा ऐकू."

त्याने पेटी पुढे ठेवली. सुरेख केली होती. कोपऱ्यांना खाचा बसवलेल्या, एक खिळा दिसत नव्हता, वरची फट गुळगुळीत, मुलांच्या बोटांना लागू नये म्हणून आतूनसुद्धा घासलेली. रागाच्या माणसाचं काम असं होत नाही. त्याने शर्टाच्या बाहीने झाकण पुसलं आणि पेटीकडेच बघत बोलला.

"ताई, उद्या शेवटची तारीख आहे. माझ्या हातून तिला मार बसला, ती बोलत नाही माझ्याशी धड. पण लिहिलं नाही म्हणते ते खरं वाटायला लागलंय मला. तुमचा शब्द पाळकसाहेब मोडत नाहीत. एकदा बोलून बघाल का?"

गाणं थांबलं होतं. मुंगी तिथूनच वळून बघत होती. तिच्या तोंडावर राग असता तर मला सोपं गेलं असतं. त्या येड्या पोरीच्या तोंडावर आशा होती, माझ्याकडून.

"मी प्रार्थना करीन," मी म्हटलं.

सुताराने मान डोलावली. उपकार झाले ताई, म्हणाला. खरंच म्हणाला. मग पेटी उचलून माझ्या गाडीत ठेवायला निघाला.

मुंगी हात पुसत पुढे आली. तिच्या मुठीत लहानशी पितळी किल्ली होती, सुतळीत ओवलेली.

"मावशी, किल्ली एकच आहे," ती म्हणाली. "दादाला देऊ का नेऊन?"

"नको," मी म्हटलं. "माझ्याकडे दे."